जुन्या फोर्ड पिकअपची रेस खाली येत नाही, हवा नेमकी कुठून ओढतेय?

राधा_मिरज (फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९३ ची फोर्ड एफ-१५० आहे. ४.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून तीन वर्षांपूर्वी घेतली. शेणखत, पेंढ्या, शनिवारच्या बाजारात वांगी-मेथी न्यायची, सगळं तिच्यावरच. या गाडीवर माझा खूप जीव आहे, आणि तिची रोजची तक्रार मला ऐकवत नाही.

इंजिन तापलं की पूर्वी रेस (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) ७०० च्या आसपास बसायची. आता ११५० च्या खाली येतच नाही. सिग्नलला क्लच दाबून उभी राहिले की इंजिन मोठ्याने घुमत राहतं. थरथर नाही, मिसिंग नाही, चालायला गुळगुळीत. थंडीत सकाळी सुरू केली की बॉनेटखालून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, तापल्यावर तो कमी होतो. पेट्रोल मात्र जास्त खातेय.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याचं) पॅकिंग गेलंय, १४०० डॉलर होतील. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, या इंजिनाला तेच होतं. माझं मन काही मानेना.

स्पेअर पार्टच्या दुकानातून अनामत भरून व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं) आणलं. मॅनिफोल्डला जोडलं तर काटा ११ इंचांवर स्थिर. गेजच्या तबकडीवर हिरवा पट्टा १८ ते २१ चा आहे, म्हणजे मी सात इंच खाली! कार्ब्युरेटर क्लीनरचा डबाही आणून ठेवलाय. तो फवारला की लीक सापडतो असं सगळीकडे वाचलं.

एक बारीक गोष्ट, कदाचित याच्याशी संबंध नसेल. हॉर्सटूथ तलावाकडे चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की पायाशी येणारी हीटरची हवा आपोआप समोरच्या काचेवर जाते. चढ संपला की परत पायाशी.

पॅकिंग बदलून घेऊ, की घरीच शोधता येईल? माझ्याकडे पाने, पक्कड, हे गेज आणि रविवारचा अख्खा दिवस आहे.

---

ऑस्टिनकर

राधाताई, कार्ब क्लीनर आणलाच आहे तर वापरा. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर थोडाथोडा मारायचा. जिथे मारल्यावर रेस बदलेल तिथे लीक. माझ्या जुन्या शेवरोलेवर दहा मिनिटांत सापडला होता.

---

उद्यमनगरी (लान्सिंग, मिशिगन)

राधा, तो डबा आधी घरात नेऊन ठेव, बाळ. ऑस्टिनकर, तुमच्या गाडीला चाललं असेल, तुमचं व्ही-आठ इंजिन असणार. त्यात इनटेक मधोमध आणि एक्झॉस्ट दोन बाजूंना, खाली. या फोर्डच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, एक्झॉस्ट थेट इनटेकच्या खाली. इनटेकच्या जोडावर फवारलेला क्लीनर ओघळून तापलेल्या एक्झॉस्टवरच पडणार. मी एका अंगणात ही आग लागलेली डोळ्यांनी बघितली आहे. वायरींचा गठ्ठा जळाला, माणूस वाचला. तापलेल्या इंजिनावर ते करायचं नाही म्हणजे नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पोरसवदा असताना शिकलो. पेट्रोल जीप, ॲम्बॅसिडर. आमच्या वस्तादांचं एकच सांगणं होतं: गाडी काय म्हणतीय ते आधी ऐक, पाना नंतर उचल. तू जे लिहिलंयस त्यात गाडीने निम्मं सांगून टाकलंय. एकेक बघू.

पहिलं, तुझं गेज. हिरवा पट्टा समुद्रसपाटीच्या गावासाठी असतो. फोर्ट कॉलिन्स साधारण ५,००० फुटांवर आहे. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी धरायचा. म्हणजे तुझ्याकडे धडधाकट इंजिनही १३ ते १६ च दाखवणार. तू सात इंच खाली नाहीस, तीन-चार इंच आहेस. लीक आहे, पण मॅनिफोल्ड फाटल्यासारखा नाही.

दुसरं, काटा स्थिर आहे म्हणालीस. हे लई महत्त्वाचं. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक तालात खाली झटका देत राहिला असता. काटा खाली पण शांत, म्हणजे एकतर हवा आत येतेय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे गेलंय. टायमिंग मागे असतं तर रेस चढली नसती, इंजिन मंद वाटलं असतं.

तिसरं, थरथर नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग एखाद्या पोर्टपाशी गेलं की ती जादा हवा त्या एका सिलिंडरलाच जास्त जाते, आणि तो सिलिंडर मिस मारतो. तुझं इंजिन सहाच्या सहा सिलिंडरवर गुळगुळीत चालतंय, फक्त जोरात. म्हणजे हवा अशा जागेतून येतेय जिथून ती सगळ्यांना सारखी वाटली जाते: प्लेनमला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांच्या सामायिक हवेच्या पेटीला, जोडलेला एखादा पाईप. त्या गॅरेजवाल्याचे १४०० डॉलर सध्या खिशातच ठेव.

आता रेस का वाढते, ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सोपं होईल. बऱ्याच नव्या गाड्यांत आत जाणारी हवा तोंडाशीच मोजली जाते. तिथे मधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं, इंजिन अडखळतं. तुझ्या ९३ च्या गाडीला ते मोजमाप नाही. तिथे मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. चोरून हवा शिरली की दाब वाढतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन जास्त हवा घेतंय, तो त्या मानाने पेट्रोलही वाढवतो. मग रेस चढते आणि खर्चही चढतो. म्हणून तुझी गाडी अडखळत नाही, नुसती घुमते. फक्त मॅप सेन्सरच्या स्वतःच्या पाईपला भेग असली तर प्रकार वेगळा: पेट्रोल बेसुमार वाढतं, धूर काळा येतो. तसं काही नाही ना, ते बघ.

चौथं, तुला ज्याचा संबंध नसेल असं वाटलं, ती हीटरची हवा. माझ्या मते तिथेच एक चोर बसलाय. या गाडीत हीटरचे पडदे व्हॅक्यूमवर फिरतात. व्हॅक्यूम गेला की हवा काचेकडे जावी अशीच रचना आहे, म्हणजे काच धुरकटून अपघात होऊ नये. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतोच, पण तेवढा वेळ निभावण्यासाठी एक साठवणीचा डबा आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह दिलेला असतो. तुझ्याकडे तो साठा टिकत नाहीये. डबा गळतोय, पाईप तुटलाय, किंवा तो व्हॉल्व्ह उलटी हवा सोडतोय.

रविवारी असं कर. गाडी उघड्यावर उभी कर, बंद गॅरेजमध्ये नको, विषारी धूर साचतो. चाकांना ओंडके लाव, हॅन्डब्रेक ओढ, न्यूट्रल. वेणी बांधून आत खोच, ओढणी नको. या गाडीचा पंखा इंजिनाच्या बेल्टवरच फिरतो, तो कधी थांबत नाही.

सुरुवात कानांनी. दोन-अडीच फुटांचा रबरी पाईप घे, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरव. ‘सूं’ कुठे मोठा होतो ते बघ. हे इंजिन गार असतानाच कर. थंडीत रबर आखडतं, भेग उघडते, आणि तापल्यावर मिटते. तुझा सकाळचा आवाज म्हणूनच तेव्हा येतो.

मग आयडल व्हॉल्व्हचा, म्हणजे स्लो रेसपुरती हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, वायरीचा प्लग काढ. थ्रॉटलजवळ (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेजवळ) दोन वायरींचा असतो. प्लग काढला की तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो, आणि धडधाकट इंजिन बंद पडायला येतं किंवा पडतंच. तुझं तरीही आठशे-नऊशेवर चालत राहिलं, तर हवा दुसरीकडून येतेय हे पक्कं. प्लग काढलेलाच ठेवून पुढचं शोध. नाहीतर तू एक लीक बंद करशील आणि कॉम्प्युटर तेवढी हवा आयडलमधून देऊन फरक झाकून टाकेल.

नंतर गेज लावून ठेव आणि एकेक पाईप सुटा कर. बॉनेटखाली चिकटवलेल्या स्टिकरवर व्हॅक्यूम पाईपांचा नकाशा असतो, त्याचा आधी फोटो काढ. मऊ रबरी पाईप फडकं गुंडाळलेल्या पकडीने हलके दाबता येतात. पण बारीक कडक प्लास्टिकच्या नळ्या मुळीच दाबू नकोस, तीस वर्षांनी त्या काडीसारख्या मोडतात. त्या मुळाशी काढून तोंडाला रबरी टोपी लाव. टोपी लावल्यावर काटा चढला, तर लीक त्या पाईपच्या पुढे कुठेतरी.

नुसत्या डोळ्यांनी बघून पाईप चांगला ठरवू नकोस. भेग पुष्कळदा खालच्या बाजूला असते. बोटाने चाचपून बघ.

– आबा

---

पुण्याचा_पेठकर

आबा, छान समजावलंत. घरच्या घरी स्मोक टेस्ट (पाईपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं) का नको? रंगाचा रिकामा डबा, त्यात डिझेलचा ग्लो प्लग आणि बेबी ऑइल, मी बनवलंय तसं.

---

उद्यमनगरी

चालेल, उत्तम पद्धत आहे. इंजिन बंद असताना करता येते हा मोठा फायदा. फक्त दाब एक पीएसआयच्या आतच ठेवायचा. टायरचा पंप लावून सील उडवलेली लोकं मी बघितलीत. राधाकडे सामान नाही, म्हणून सांगितलं नाही. तिच्याकडे मॅनिफोल्डच्या जोडासाठी सोपा उपाय आहे: स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी. जोडावर बारीक फवारा, हवा ओढत असेल तर आवाज बदलतो, इंजिन क्षणभर अडखळतं. डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सोडून.

– आबा

---

कांदेवाला_उमराणे

आबा, नमस्कार. माझी डिझेल पिकअप आहे, नऊ वर्षं जुनी. कांदा भरून राहुड घाट उतरताना ब्रेक दगडासारखा लागतो, दोन्ही पाय द्यावे लागतात. मेकॅनिक म्हणतो व्हॅक्यूम येत नाही. मी पण हे मॅनिफोल्डचे पाईप तपासू का?

---

उद्यमनगरी

भाऊ, आधी गाडी भरायची थांबवा. ब्रेक तसा लागत असेल तर घाटात जाऊ नका, रिकामीसुद्धा.

डिझेलचं वेगळं आहे. ब्रेकला पुरेल एवढा व्हॅक्यूम डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तयारच होत नाही. म्हणून वेगळा पंप देतात, तुमच्या गाडीत बहुतेक अल्टरनेटरच्या पाठीला. त्याला वंगण इंजिनाच्याच ऑइलचं मिळतं. गाडी चालू ठेवून पंपापासून बूस्टरकडे (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे) जाणारा पाईप बूस्टरपाशी काढा आणि अंगठा लावा. अंगठा घट्ट ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर तोच पाईप पंपापाशी काढून तिथे बघा. पंपापाशी ओढ आहे आणि बूस्टरपाशी नाही, म्हणजे पाईप फाटलाय. दोन्हीकडे नाही, म्हणजे पंप. आणि दोन्हीकडे जोरात ओढ असून पेडल कडक, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह. अल्टरनेटरच्या मागे ऑइल ओघळलंय का तेही बघा.

– आबा

---

राधा_मिरज

आबा, काल अख्खा दिवस गाडीपाशी होते. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही एवढ्या मायेने लिहिलंत.

आधी कॉम्प्युटरचा कोड काढला. शेजारच्या काकांनी दाखवलं: बॉनेटखालच्या टेस्ट प्लगला वायरीचा तुकडा जोडायचा आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. इंजिन चालू ठेवून केलं, ४११ आला. काकांच्या वहीत त्यापुढे लिहिलंय: रेस काबूत नाही, बहुधा जास्त. पेट्रोल कमी पडत असल्याचा १७२ आला नाही. तुम्ही मॅप सेन्सरचं सांगितलं होतंत ते तिथे पटलं.

सकाळी सात वाजता, गार इंजिनावर, बागेच्या नळीचा तुकडा कानाला लावला. पहिल्यांदा सगळीकडेच सूं-सूं वाटत होतं. डोळे मिटल्यावर फरक कळायला लागला. दोन ठिकाणी आवाज मोठा होता: उजव्या बाजूला फेंडरपाशी आणि टॅपेट कव्हरजवळ.

आयडलचा प्लग काढला, इंजिन ९५० वर चालतच राहिलं. म्हणजे पक्कं.

फेंडरपाशी कॉफीच्या डब्यासारखा पत्र्याचा गोल डबा आहे. त्याचा पाईप काढून टोपी लावली, तर काटा ११ वरून साडेबारावर आला! डबा सोडवला. वरून काळा चकचकीत, पण पट्टीखाली बोट घातलं तर पत्रा पापडासारखा चुरला. खात्रीसाठी पाण्याच्या बादलीत बुडवून नळीने फुंकलं, तर तीन जागी बुडबुडे. भंगाराच्या यार्डातून ८ डॉलरला प्लास्टिकचा डबा आणला, बादलीत तपासूनच घेतला. तो जोडणारा छोटा व्हॉल्व्हही तोंडाने फुंकून बघितला. एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने नाही, म्हणजे ठीक.

पण साडेबाराच्या वर काटा हलेना. मॅनिफोल्डच्या जोडावर पाणी मारलं, काहीच बदल नाही. ब्रेकचंही बघितलं: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, मग दाबून धरून इंजिन सुरू केलं. पेडल जरा खाली गेलं, म्हणजे बूस्टर चांगला. टॅपेट कव्हरजवळ मात्र कानातला आवाज तसाच.

तिथे पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाईप आहे. वरून एकदम शाबूत. तुमचं वाक्य आठवलं आणि खालून बोट फिरवलं. वळणाच्या कोपऱ्यात रबर इतकं लिबलिबीत झालेलं की बोट आत गेलं. तेलाने भिजून फुगलेलं, आणि बोटाच्या पेराएवढी लांब भेग. मी बोटानेच भेग दाबून धरली, आणि मागे इंजिनाचा आवाज खाली उतरला. मला क्षणभर हलायचं सुचेना. ती गाडी माझ्या बोटाखाली शांत झाली, आबा.

तेलाला टिकणारा नवा पाईप १४ डॉलर, व्हॉल्व्ह ६ डॉलर. व्हॉल्व्ह हलवला तर खडखडत नव्हता, म्हणून तोही बदलला. आयडलचा प्लग परत लावला. आता काटा १५ वर, रेस ६९०.

---

उद्यमनगरी

शाब्बास, पोरी. १५ म्हणजे तुमच्या उंचीवर एकदम ठणठणीत. डबा आणि पीसीव्हीचा पाईप दोन्ही एकदम असणार हे मला सुचायला हवं होतं. एक मिटवला की लोक थांबतात, आणि उरलेल्यापायी मॅनिफोल्ड उघडतात. तू काट्याकडे बघत राहिलीस म्हणून दुसरा सापडला.

दोन कामं राहिली. बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेव, म्हणजे कॉम्प्युटर लीकच्या दिवसांत शिकलेलं विसरेल. पहिले काही मैल रेस जरा वर-खाली होईल, घाबरू नकोस. आणि ईजीआर व्हॉल्व्हला (एक्झॉस्टचा थोडा धूर परत आत सोडणाऱ्या) जाणारी व्हॅक्यूमची नळी इंजिन स्लो रेसवर असताना काढून बोट लाव, तिथे ओढ असता कामा नये. ओढ असेल तर पुढच्या रविवारी तिकडे बघू.

– आबा

---

कांदेवाला_उमराणे

आबा, पंपापाशी अंगठा खेचला जातोय, बूस्टरपाशी अगदी कमी. पाईप चेसिसला घासून अर्धा झिजला होता, क्लिपच नव्हती. नवा टाकला, दोन क्लिपा मारल्या. रिकामी गाडी गावात फिरवून बघितली, पेडल पूर्वीसारखं मऊ. उद्या मेकॅनिकला दाखवून मगच भरतो.

---

राधा_मिरज

ईजीआरची नळी बघितली, ओढ नाही. बॅटरीची वायरही काढून लावली.

आज संध्याकाळी मुद्दाम हॉर्सटूथच्या चढावर नेली, मागे पेंढ्या भरून. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. हीटरची हवा चढ संपेपर्यंत पायांवरच होती. वर पोहोचून गाडी न्यूट्रलला टाकली, तर तलावावरचा वारा ऐकू येत होता.

कडक प्लास्टिकच्या नळ्यांपैकी दोन माझ्या हातात मोडल्या, त्यांना रबरी तुकड्यांनी जोडलंय. बर्फ पडायच्या आत सगळ्याच बदलणार आहे. आबा, त्यासाठी किती जाडीचा पाईप घेऊ, आणि किती फूट लागेल?